ड्युटी माझी होती, भानुदास

भानुदास, मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. कोण म्हणतं त्याला माझ्याकडे पाठव. तू गेलास त्याला दीड महिना झाला आणि दीड महिना मी चिडलेलोच आहे. तुझ्यावर, खात्यावर, त्या साहेबावर, आणि सगळ्यात जास्त ह्या रशीद शेखवर, जो आत्ता दारात खुर्ची टाकून वही मांडीवर घेऊन बसलाय. घरातले म्हणतात, अब्बा, बीपीची गोळी घ्या. गोळी घेतो. राग काही उतरत नाही.

एकवीस वर्षं आपण दोघं पाटकरी होतो. नगरकडच्या कर्जतच्या खाली, जिथं कालवा संपत येतो आणि पाणीही. वरच्या तालुक्यांचं भागून उरलं तर आपल्याकडं यायचं. जे येईल ते कालव्याला फुटलेल्या चारीचारीला वाटायचं, वेळेवर गेट उघडायचं, वेळेवर बंद करायचं आणि दोन्ही वेळेला शिव्या खायच्या. उघडलं की पुढच्या गावचा माणूस मोटारसायकलवर येऊन आपली आई काढणार, बंद केलं की ह्याच गावचा. तू मात्र हसायचास. "शेख, शिव्या देत्यात म्हंजी पानी पोचतंय. ज्या दिवशी शिव्या बंद होतील त्या दिवशी समज कालवा फुटला." पाण्याकडं नुसतं बघून किती सुटलंय ते तू सांगायचास, आणि मोजपट्टीवर बघावं तर तेवढंच निघायचं. मला ते एकवीस वर्षांत जमलं नाही. मी विचारलं, कसं ओळखतोस रे? तर म्हणालास, "तू म्हशीकडं बघून सांगतोस ना किती दूध दील, तसंच." मी म्हशी विकल्या त्याला दहा वर्षं झाली होती, पण तुझ्या लेखी मी शेवटपर्यंत म्हशीवालाच.

ईदला आमच्या घरी शीरखुर्म्याचे तीन वाडगे हाणायचास आणि मग सुमनवहिनींना सांगायचास, शेखनं लई आग्रह केला. खोटं. मी एकदाही आग्रह केला नाही. पातेलं तूच पुढं ओढायचास.

असू दे. मला गोड गोड आठवणी सांगायला बसायचं नव्हतं.

आपल्या कामात एक रीत होती, कुठल्याच सरकारी कागदात नसलेली. ड्युटीच्या पत्रकावर नाव एकाचं आणि गेटावर माणूस दुसरा. कुणाच्या घरी बारसं, कुणाची सोयरीक, कुणाची दाढ सुजलेली. साहेबाकडं अर्ज करावा तर सरकारी काम अन् सहा महिने थांब. म्हणून आपण आपसात बदलून घ्यायचो. आणि गेटावरच्या वहीत सही मारायची ती पत्रकात ज्याचं नाव असेल त्याची. तू माझी सही माझ्यापेक्षा चांगली करायचास. मी घाईत अर्धीच सोडायचो, तू पूर्ण आणि वळणदार. सगळे पाटकरी असंच करत होते. सगळ्या साहेबांना ते ठाऊक होतं. गेट वेळेवर बंद होतंय ना, मग सही कुणाची का असेना. आपल्याला त्यात कधी लबाडी वाटलीच नाही, उलट एकमेकांवर केवढा भरवसा म्हणून छाती फुगायची. शहाणे होतो आपण दोघं.

तीन वर्षांपूर्वीचं उन्हाळी पाणी सुटलं होतं. पत्रकावर दिवसाची ड्युटी माझी आणि तुझी सुट्टी. नेमकी त्याच दिवशी माझ्या गावची जत्रा, आणि जत्रेत कुस्त्यांचा हगामा. मी आदल्या दिवशी तुला फोन केला. म्हटलं, उद्याची माझी ड्युटी धर ना.

"का? कोन मेलं का?"

"हगामा आहे रे."

"जल्मात लंगोट बांधला न्हाईस, अन् हगाम्याला पहिल्या रांगेत! जा बाबा जा. शेवटची कुस्ती कोन मारतंय ते आल्यावर सांग."

तुझं माझ्याशी ते शेवटचं धड बोलणं. तुला सांगायचं राहूनच गेलं. शेवटची कुस्ती बरोबरीत सोडवली, पंचांनी हात वर करून. पैसे वाया.

पाच नंबरच्या चारीचं गेट दुपारी बंद करायचं होतं. ते गेट रुततं, हे तू दोनदा लिहून दिलं होतंस आणि मी एकदा. उत्तर आलं, निधी नाही. मग आपण सगळे करायचो तेच तू केलंस. हँडलवर लोखंडी पाइप चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. रुतलेलं गेट एकदम सुटलं, हँडल उलटं फिरलं, आणि पाइप येऊन तुझ्या कानशिलावर बसला. मेंढरं चारणाऱ्या एकानं तुला काँक्रीटवर पडलेलं बघितलं आणि टेम्पोत घातलं. मला फोन आला तेव्हा हलगी कडाडत होती. मी ओरडतोय, जोरात बोला, जोरात बोला, आणि पलीकडचा म्हणतोय, तुमचा पाटकरी पडला.

नगरला दवाखान्यात पोचलो तर साहेब व्हरांड्यात उभा. बगलेत गेटावरची वही. मला बाजूला घेतलं.

"शेख, सकाळी आठची सही तुझी आहे. आणि डोकं फुटलंय याचं. मी वर काय कळवू?"

तो विचारत नव्हता, भानुदास. तो वाट दाखवत होता. रुतलेल्या गेटाचे आपले तिन्ही अर्ज त्याच्याच टेबलाच्या खणात होते. तू कामावर जखमी झालास असं कळवलं असतं तर वरून पहिला प्रश्न त्यालाच आला असता. आणि दुसरा मला. खोटी सही, ड्युटी सोडून जत्रेत. दोघांची नोकरी. मी तिथंच उभ्या उभ्या म्हणालो, "साहेब, तो मला भेटायला आला होता. मी जरा लघवीला गेलो, तेवढ्यात त्यानं हँडलला हात लावला."

साहेबानं वही बगलेतून काढून पिशवीत टाकली. "बरं," म्हणाला. आत तुझ्या डोक्यातलं साकळलेलं रक्त काढत होते, आणि बाहेर आम्ही दोघांनी पाच मिनिटांत तुला पाहुणा करून टाकलं.

आठव्या दिवशी तू डोळे उघडलेस. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या तेव्हा मी तुझ्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देशील. दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तुझं तोंड एका बाजूला गेलेलं, शब्द धड फुटत नव्हते, तरी हसलास. "बरं केलंस. दोघं घरी बसन्यापरीस एक बसल. तुझी पोरगी लग्नाची हाय. गप ऱ्हा."

गप ऱ्हा म्हणे! कुणी सांगितलं होतं तुला एवढं मोठं मन करायला? डोकं फुटलेला माणूस तू, आणि काळजी कुणाची, तर माझ्या पोरीच्या लग्नाची. ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. तू नाही म्हणाला असतास तर मला खरं बोलावं लागलं असतं. तू हो म्हणालास आणि मी आयता सुटलो. आणि उपकार पण मानतो तुझे, हे पण लिहून ठेवतो, कारण पोरीचं लग्न त्याच पगारावर झालं आणि तू पंगतीत बसून जेवलास.

आपल्याला वाटलं होतं, दोनेक महिन्यांत तू उठशील आणि कामावर येशील. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मेंदूचा मार हाडासारखा नसतो, प्लास्टर काढलं की झालं असं नसतं. हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सांगितलं ते आपल्याला कळलं नाही. बाहेरून तू अख्खा होतास. केस वाढले, टाक्यांची खूण झाकली. दोन हात, दोन पाय, नीट चालणं. पण चुलीवर दूध जळून घर धुरानं भरलं आणि तू शेजारीच बसलेला. वहिनींनी विचारलं, "वास न्हाई आला का?" तू म्हणालास, "कसला?" तुझ्या बहिणीचं नाव तुला आठवेना. भाकरी गार आहे म्हणून ताट भिरकावलंस, आणि मग स्वतःच रडायला लागलास. ज्यानं एकवीस वर्षांत एका शेतकऱ्याला उलट शिवी दिली नाही तो भानुदास.

पाच महिन्यांनी तू कामावर हजर झालास. साहेबानं तुला परत गेटावरच धाडलं. हँडलचे किती फेरे झाले ते तुझ्या ध्यानात राहीना. एक चारी अर्धीच बंद केलीस, आणि एकाचा कांदा पाण्यात बसला. तुला मेमो मिळाला. मग तुला फिट येऊ लागल्या, तू घरी बसलास, आणि ऑफिसात तुझ्या नावापुढं लाल शाईत लिहिलं, अनधिकृत गैरहजर. तुझ्या नावापुढं! जो तापातसुद्धा गेटावर घोंगडी पांघरून बसायचा. वहिनी विचारायला गेल्या तर कारकून म्हणतो, "पण झालंय काय त्यांना? परवा बाजारात दिसले, चांगले तर होते." हात तुटला असता तर त्यांना दिसला असता. डोक्यातलं तुटलेलं दाखवायला माणसानं काय कवटी उघडून टेबलावर ठेवायची?

मग वहिनींनी अर्ज केला. सातवी शिकलेली बाई, चार पानं लिहिली, एक खाडाखोड नाही. कामावर मार लागला तर माणसाला त्याची रजा मिळते, भरपाई मिळते, त्याचे घरी बसलेले दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. मार कामावर असताना लागला की नाही. बास, एवढं एक वाक्य सरकारनं लिहायचं होतं.

चौकशी लागली. नगरहून अधिकारी आला. त्या दिवशी सकाळी मी ठरवलं होतं, भानुदास, आज सांगायचं. अल्लाची शप्पथ, ठरवलं होतं. नाष्टा केला नाही. बायकोला म्हटलं, आज कदाचित नोकरी जाईल. तिनं टोपी आणून दिली.

ऑफिसात तू मधे, एका बाजूला वहिनी, एका बाजूला मी. अधिकाऱ्यानं तुला विचारलं, त्या दिवशी तुमची सुट्टी होती, मग गेटवर कशासाठी गेला होता?

तू म्हणालास, "शेखला भेटायला गेल्तो."

मला वाटलं, अजून माझ्यासाठी पढवलेलं बोलतोय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू पुढं बोलायला लागलास. "भेळ घिऊन गेल्तो. याला भेळ लई आवडती. स्टँडावरनं घेतली, कांदा जास्ती घालून. कागदातनं तेल गळत हुतं, म्हनून पिशवी हँडलला अडकवली."

मी तुझ्याकडं बघितलं. वाटलं, डोळा मारशील. तुझ्या तोंडावर काही नव्हतं. तू खोटं बोलत नव्हतास. आपलं खोटं तुझ्या फुटक्या डोक्यात जाऊन बसलं होतं आणि तू त्याच्यात भेळ ठेवली होतीस. खरा दिवस गेला होता. तिथं तू माझ्या ड्युटीवर उभा नव्हतास, माझ्यासाठी खाऊ घेऊन आला होतास.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, "बरोबर आहे का?"

मी म्हणालो, "व्हय साहेब."

दोन शब्द. तेवढ्यात एकवीस वर्षं विकली. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, कुणी यायचं असलं की रस्त्याकडं बघतात तसं. मी टोपी काढली, परत घातली. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं की अर्जदार खाजगी भेटीसाठी गेटवर उपस्थित होते. अर्ज नामंजूर. पुढं जिल्ह्याचं नाव बदललं, तुझ्या फायलीवर अहमदनगर खोडून अहिल्यानगर लिहिलं. ते लगेच बदलता आलं त्यांना. आतलं "खाजगी" तेवढं जागचं हललं नाही.

त्यानंतर तू मला भेटलास की विचारायचास, "शेख, त्या दिवशीची भेळ खाल्लीस का रं? का माझ्या नादात सांडली?"

"खाल्ली."

"चांगली हुती ना?"

"लई चांगली होती."

असं किती वेळा खाऊ घातलंस मला ते. दर वेळी घशाखाली उतरवलं.

एकदाच मी बोललो. तुझ्या ओट्यावर, चहा पिताना. म्हटलं, भानुदास, तू मला भेटायला आला नव्हतास, माझी ड्युटी करत होतास, मी हगाम्याला गेलो होतो. तू कप खाली ठेवलास. मग उभा राहिलास आणि हातात आलेला तांब्या मला फेकून मारलास. "मला येडा ठरवतो? मी भेळ आनली हुती! माझ्या हातानं आनली हुती!" तुझ्या मानेच्या शिरा फुगल्या. वहिनी पळत बाहेर आल्या. मी म्हणालो, हो हो, आणली होतीस, बस खाली. हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. तुझ्याकडं भेळ होती, माझ्याकडं खरं होतं, आणि तू जिंकलास, कारण तुला निदान स्वतःचं पटलेलं होतं.

आता माझ्या शहाणपणाचं ऐक. मी ठरवलं, रिटायर झालो की सांगू. मे महिन्यात रिटायर झालो. शाल, श्रीफळ, भाषणं. तू पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलास आणि सगळे थांबले तरी टाळ्या वाजवत राहिलास. मग मी म्हटलं, पेन्शन एकदा सुरू होऊ दे. पेन्शन सुरू झाली. मग म्हटलं, ईद-ए-मिलाद होऊ दे. ती झाली. पोरगी केव्हाच सासरी गेली होती, माझ्याकडं भ्यायला कारण उरलं नव्हतं, तरी भीत होतो. सवय, दुसरं काय. आणि एका सकाळी तू हौदाजवळ तोंड धूत होतास, फिट आली, आणि तू उठला नाहीस.

तुझ्या दहाव्याला आख्खा घाट भरला होता. भिंतीवर पिंड ठेवला आणि पहिल्याच मिनिटाला कावळा शिवला. बायाबापड्या म्हणाल्या, सुटला बिचारा, काही मागं राहिलं नाही. मला त्या कावळ्याचा पण राग आला. काही मागं राहिलं नाही? मेल्या, फाइल वाचलीस का तू?

मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सरपंच बोलला, सोसायटीचा चेअरमन बोलला. आणि मग साहेब उठला, तोच, व्हरांड्यातला, आता मोठ्या पदावर गेलेला. माईक हातात घेऊन म्हणाला, "भानुदास म्हणजे आमच्या खात्याचा कर्तव्यदक्ष कर्मचारी. कर्तव्यापुढं त्यानं जिवाची पर्वा केली नाही." मेल्या म्हशीला मणभर दूध! जिवंत होतास तेव्हा खाजगी, आणि मेलास की कर्तव्य. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कुणाला न विचारता पुढं गेलो. आपल्याकडं दहाव्याला माईक मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. साहेबाच्या हातातून घेतला आणि बोललो. हा माणूस त्या दिवशी मला भेटायला आला नव्हता. ड्युटी माझी होती. वहीतली सही त्यानं केलेली, माझ्या नावाची. मी जत्रेत कुस्त्या बघत होतो. गेट रुततं हे आम्ही तीनदा लिहून दिलं होतं, आणि ते ज्यांना दिलं ते इथं उभे आहेत.

साहेब फोन कानाला लावून मागच्या मागं गाडीकडं गेला. मला वाटलं, झालं, मोकळा झालो. खरं सांगतो, छाती जरा फुगली पण होती.

वहिनी बायकांतून उठून माझ्यासमोर आल्या.

"भाऊ, सकाळी सातला मी यांना तीन भाकरी बांधून दिल्या. गेटाची किल्ली खुंटीवरनं मीच काढून दिली. भेटायला जानारा मानूस किल्ली घिऊन जातो का?"

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी म्हणालो, "मग तुम्ही का बोलला नाहीत?"

"यांनी दवाखान्यातच शपथ घातली हुती, शेखचं नाव आपल्या घरातनं जायचं न्हाई. अर्जात लिहिलं मी, कामावर गेल्ते म्हनून. तुमचं नाव न्हाई लिहिलं. मी वाट बघत हुते, तुमच्या तोंडातनं कधी जातंय. तीन वर्सं बघितली." त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "अन् आता माईकवर बोलून काय? माईकवरचं फायलीला लागत न्हाई. कागदावर द्या."

भर घाटावर, शंभर माणसांत. भानुदास, अशी बायको होती तुझी आणि तू तिला शपथ घातलीस माझ्यासाठी. तुम्हा दोघांना माझ्यात काय दिसत होतं कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी सगळं लिहिलेला कागद घेऊन ऑफिसात गेलो. कारकून, आपला तोच, चष्म्यावरून बघतो. "काका, कशाला उकरून काढता? माणूस गेला, फाइल बंद झाली. तुमची पेन्शन चालू आहे, सुखानं खा." मी म्हणालो, शिक्का मार. त्यानं पुन्हा समजावलं. मी पुन्हा म्हणालो, शिक्का मार, नाहीतर आख्खा दिवस इथंच बसतो, मला आता काही काम नाही. शेवटी मारला.

संध्याकाळी साहेबाचा फोन. "शेख, डोकं ठिकाणावर आहे का?"

"माझं आहे, साहेब. त्याचं नव्हतं, तेव्हा तुम्ही त्याचा जबाब लिहून घेतलात."

फोन कट.

तुझी फाइल तीन वर्षं बुडाखाली घालून बसले होते. माझ्या नावाची नोटीस अकरा दिवसांत घरी आली, रजिस्टर पोस्टानं. आमच्या घरात रडारड. मुलगा म्हणाला, अब्बा, वकील करू, सगळं नाकारू, म्हातारपणात बोलून गेलो म्हणून सांगू. मी चष्मा लावून नोटीस वाचली. एकदा वाचली, दोनदा वाचली, आणि उठून सायकल काढली. बायको मागून ओरडतेय, कुठं निघालात? मी थेट तुझ्या घरी.

वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. आपली नेमणूक असताना आपण विनापरवाना गैरहजर राहिलात, व गेट चालविण्याचे शासकीय काम आपल्या जागी श्री. भानुदास यांना करावयास लावले, व सदर काम करीत असताना त्यांच्या डोक्यास गंभीर दुखापत झाली. सबब आपल्या निवृत्तिवेतनातून कपात का करण्यात येऊ नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

"मधलं परत वाचा," वहिनी म्हणाल्या.

मी वाचलं. सदर काम करीत असताना.

"परत."

परत वाचलं.

"म्हंजी हे सरकारनं लिहिलंय? त्यांच्या सहीनं?"

"सहीनं आणि शिक्क्यानं."

कळलं का तुला, भानुदास? मला धरायचं तर तुला कामावर दाखवावं लागतंय त्यांना. मला शिक्षा द्यायची तर तुझं डोकं शासकीय कामात फुटलं हे आधी लिहावं लागतंय. जे वहिनींच्या चार पानांना मिळालं नाही ते माझ्या आरोपपत्रात फुकट लिहून दिलंय, तारीख टाकून. पेन्शन किती कापतील देव जाणे. कापू देत. मी नाकारलं तर तू परत पाहुणा होशील.

वहिनींनी सूप बाजूला सारलं, चपला घातल्या आणि माझ्या हातातून नोटीस घेऊन स्टँडावर चालत गेल्या. पाच झेरॉक्स काढल्या, नामंजुरीवर अपील करायचा अर्ज लिहिला आणि एक त्याला टाचली. परत येऊन मूळ कागद माझ्या हातात दिला. "भाऊ, आता तुमी फिरू नका म्हंजी झालं."

खुलाशाला पंधरा दिवस दिले होते. मी दुसऱ्याच दिवशी देऊन आलो. एकच ओळ लिहिली आहे, आरोप पूर्ण मान्य आहे, आणि खाली माझी सही मी स्वतः केली.